गड उतरल्यावर पाय का भरून येतात आणि ताकद परत कधी येते

गेल्या हिवाळ्यात तोरणा उतरून वेल्ह्याकडे येत होतो. शेवटच्या अर्ध्या तासात आमच्यातला एक मुलगा सारखा मागे पडायला लागला. वय बावीस, रोज जिमला जाणारा, सकाळी वर चढताना सगळ्यांच्या पुढे. घसाऱ्यावर तो थांबला आणि म्हणाला, "ताई, दम अजिबात लागलेला नाहीये, पण पाय ऐकत नाहीयेत." त्याच्या गुडघ्याच्या वर हात ठेवून पाहिला. उभ्या उभ्या मांडीचा स्नायू थरथरत होता, दुखत मात्र काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुसऱ्या मजल्यावरून कठडा धरून उलटा, पाठमोरा उतरला. पाचव्या दिवशी दुखणं गेलं म्हणून फुटबॉल खेळायला गेला आणि एका साध्या वळणावर घोटा मुरगळून बसला.

नव्या ट्रेकरनं समजून घ्यायला हवं ते सगळं या एका आठवड्यात आहे. ताकद आधी जाते, दुखणं नंतर येतं, आणि दुखणं गेल्यावरही ताकद पूर्ण आलेली असेलच असं नाही. दुखण्यावरून ताकदीचा अंदाज बांधणारा माणूस दोन्ही टोकांना फसतो. गडावरून उतरताना अजून काही दुखत नाही म्हणून बेफिकीर राहतो, आणि घरी आल्यावर आता दुखत नाही म्हणून घाई करतो.

पहिली पायरी: चढ आणि उतार यांतला फरक अंगावर घेऊन पाहा

खुर्चीपुढे उभे राहा, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवा आणि चार आकडे मोजत हळूहळू बसा. तळव्याखाली मांडी ताठ झालेली कळेल. त्याच वेळी गुडघा वाकतोय, म्हणजे स्नायू लांबतोय. ताण धरून ठेवायचा आणि लांबतही जायचं, अशा कामाला इसेंट्रिक म्हणतात. जिममध्ये यालाच 'निगेटिव्ह' म्हणतात. उठताना तोच स्नायू आखडत काम करतो, ते कॉन्सेंट्रिक. गड चढणं हे बहुतेक दुसऱ्या प्रकारचं काम, उतरणं बहुतेक पहिल्या प्रकारचं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू गाडीच्या ब्रेकसारखा वापरला जातो. प्रत्येक पावलाला शरीराचं आणि सॅकचं वजन तो झेलतो आणि झेलता झेलता ताणला जातो.

या कामाला दम फारच कमी लागतो. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं पॅडल पुढे मारायचं, त्यानं दुसऱ्याचं पॅडल उलटं फिरायचं आणि दुसऱ्यानं त्या फिरण्याला विरोध करत राहायचं. जोर दोघांचा सारखाच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन पुढे मारणाऱ्याच्या मानानं कित्येक पटींनी कमी निघाला. म्हणून उतरताना छाती शांत असते आणि आपण समजतो की कष्टाचा भाग संपला. छातीला विचारून उतार उतरू नका.

नुकसान नेमकं कोणत्या कामानं होतं, याचा सरळ प्रयोग १९८३ साली डी. जे. न्यूहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एका ठोकळ्यावर वीस मिनिटं चढ-उतर करायची, चढताना कायम एकच पाय, उतरताना कायम दुसरा. माणूस एकच, वजन तेच, वेळ तोच. दुसऱ्या दिवशी दुखला तो उतरवणारा पाय. चढवणाऱ्या पायाला दमल्याची जाणीव झाली होती, पण तो दुखला नाही.

आत काय होतं तेही थोडं सांगते. स्नायूचा धागा असंख्य छोट्या कप्प्यांची माळ असतो, या कप्प्यांना सार्कोमियर म्हणतात. ताणाखाली माळ लांबते तेव्हा सगळे कप्पे सारखे लांबत नाहीत. जे कच्चे असतात ते जास्त ओढले जातात, त्यांतले काही पुन्हा नीट जुळत नाहीत आणि शेजाऱ्यांवर भार येतो. स्वीडनमध्ये यान फ्रिडेन यांनी १९८१ साली जिने वारंवार उतरलेल्या माणसांच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कप्प्यांच्या सीमारेषा वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. शिवाय स्नायूला 'आखड' म्हणून सांगणारा कॅल्शियमचा निरोपही काही दिवस नीट पोचत नाही. म्हणून मेंदू जोर लावतो आणि पाय अर्ध्यात उत्तर देतो.

इथे एक जुना गैरसमज दूर करते. आपल्याकडे 'अंग आंबलं' म्हणतात, आणि त्यावर लॅक्टिक ॲसिडचं स्पष्टीकरण इतकं चपखल बसलं की आजही कित्येक ट्रेनर तेच सांगतात. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. त्यातही उतारावर धावताना ते सपाटीपेक्षा कमी वाढतं आणि पाय मात्र जास्त दुखतात. दुसऱ्या दिवशीचा ठणका हा स्नायूच्या आतल्या बारीक इजेचा आणि त्यानंतरच्या दुरुस्तीचा आहे. कुठलंही पेय पिऊन तो 'धुऊन' निघत नाही.

दुसरी पायरी: दोन घड्याळं वेगवेगळी लावा

ताकदीचं घड्याळ उतार संपायच्या आतच सुरू होतं. अंगवळणी नसलेला लांब उतार जोरात उतरला, तर पायथ्याशी पोचेपर्यंत मांडीची ताकद साधारण १५ ते ३० टक्क्यांनी घटलेली असू शकते. नंतरचे एक-दोन दिवस ती तळाशीच राहते आणि मग हळूहळू चढते. घट थोडी असेल तर दोन-तीन दिवसांत भरून येते, मध्यम असेल तर आठवडा लागतो. प्रयोगशाळेत दंडाच्या स्नायूला पूर्ण जोरानं निगेटिव्ह करायला लावतात, तेव्हा निम्मी ताकद जाते आणि ती परतायला दोन आठवड्यांहून जास्त लागलेली उदाहरणं पुष्कळ आहेत. जिममध्ये पहिल्याच दिवशी उत्साहानं पुल-अपचे निगेटिव्ह मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दंड मांडीसारखा रोज जिने उतरत नाही, म्हणून तो जास्त सोसतो.

दुखण्याचं घड्याळ उशिरा सुरू होतं. रविवारी संध्याकाळी काही नाही, सोमवारी सकाळी उठताना जाणवतं, सोमवार रात्र ते बुधवार सगळ्यात जास्त, शुक्रवार-शनिवारपर्यंत गायब. यालाच 'डॉम्स' म्हणतात. दुखण्याची तीव्रता आणि ताकदीची घट यांचं प्रमाण जुळेलच असं नाही. फार दुखणाऱ्याची ताकद बरी असू शकते, आणि कमी दुखणाऱ्याची बरीच गेलेली असू शकते.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. या दिवसांत पाय कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे याचा आतला अंदाजही चुकतो. डोळे मिटून दोन्ही गुडघे सारखे वाकवायला सांगितले तर माणूस चुकतो. माझ्या अनुभवात ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी घरच्या जिन्यावर घसरणारे लोक गडावर घसरणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. सोमवारी कठडा धरायला लाजू नका, आणि दोन दिवस स्कूटरवर मागे कुणाला घेऊ नका.

तिसरी पायरी: आधी थोडंसं नुकसान मुद्दाम करून घ्या

सगळ्यात उपयोगाची पायरी हीच. स्नायूनं एकदा इसेंट्रिक काम सोसलं की पुढच्या वेळी त्याच कामानं नुकसान फार कमी होतं, दुखणं कमी आणि ताकदही लवकर परत. हे कवच काही आठवडे टिकतं. दंडावरच्या काही प्रयोगांत त्याचा अंश सहा महिन्यांपर्यंत दिसला आहे. आणि कवच मिळवण्यासाठी पहिला डोस मोठा असावा लागत नाही. हलक्या डोसानंही बराच बचाव होतो.

मोठ्या ट्रेकच्या चार आठवडे आधी सुरू करा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या पुरतात. नसाल तर सोसायटीचा जिना, आणि तिथे नेहमीच्या सल्ल्याच्या उलट करा: लिफ्टनं वर जा, जिन्यानं खाली या. तैवानमध्ये २०१७ साली वजन जास्त असलेल्या वयस्क स्त्रियांच्या एका गटाला १२ आठवडे असंच फक्त उतरायला लावलं होतं, वर जायला लिफ्ट. फक्त चढणाऱ्या गटापेक्षा उतरणाऱ्यांच्या पायांची ताकद जास्त सुधारली. तुमच्या आईला किंवा सासऱ्यांना जिने चढून धाप लागत असेल, तर त्यांच्यासाठीही हा मार्ग आहे. फक्त कठडा हाताशी हवा, गुडघ्याचं जुनं दुखणं नको आणि सुरुवात एका मजल्यानं हवी.

पहिल्या आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. शंभरेक पायऱ्या दोनदा उतरा, प्रत्येक पाऊल आवाज न होता टेकलं पाहिजे. त्याच दिवशी चार आकडे मोजत खुर्चीवर बसणं, दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात चार फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात सहा, त्यातल्या दोन पाठीवर अर्धी भरलेली सॅक घेऊन. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच हळूहळू कडेखाली सोडायची, दहा वेळा. या प्रत्येक दिवशी तुम्हाला थोडंसंच जड वाटायला हवं. दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना 'आई गं' निघालं, तर डोस जास्त झाला.

चौथ्या आठवड्यात एक खरा उतार घ्या. आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट त्यासाठी उत्तम, सुमारे ६०० मीटरचा उतार एका दमात मिळतो. मोठ्या ट्रेकच्या आधी मात्र पाच-सहा दिवस मोकळे सोडा. ट्रेकच्या दोन दिवस आधी 'तयारी' म्हणून शंभर बैठका मारणारे मुलगे मी पाहिले आहेत. ते गडाच्या पायथ्याशी आधीच घटलेल्या ताकदीनं पोचतात.

इथे जोर-बैठका आणि सायकल यांबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक जण त्यांच्या भरवशावर येतात. सायकल चालवण्यात इसेंट्रिक काम जवळपास नाहीच. वर्षभर सायकल चालवणाऱ्याचा दम चांगला असतो, पण उताराची सवय त्याला अजिबात नसते. बैठकांत ती असते, पण झटपट मारल्या तर खाली जाताना शरीर नुसतं पडतं, स्नायू धरून ठेवत नाही. हळू उतरून मारलेल्या वीस बैठका घाईच्या साठ बैठकांपेक्षा उपयोगाच्या.

चौथी पायरी: उतारावर

ताकदीचा साठा उतारासाठी राखून ठेवा. वर पोचल्यावर शर्यत संपली असं मानून पाणी आणि खाणं संपवू नका. पावलं छोटी टाका, कारण लांब पावलात स्नायू लांब होऊन भार झेलतो आणि नुकसान तिथेच जास्त होतं. गुडघा ताठ ठेवू नका, किंचित वाकलेला असू द्या. मोठ्या कातळावरून उडी मारू नका, बसून उतरा. उडीतून टेकताना मांडीवर येणारा झटका शंभर छोट्या पावलांपेक्षा महाग पडतो.

काठी घ्या, जमल्यास दोन. २०११ साली वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर चढून उतरलेल्या लोकांचा अभ्यास झाला. दोन काठ्या वापरणाऱ्यांना पुढच्या दिवसांत कमी दुखलं आणि त्यांची ताकदही कमी घटली. आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपण असं वाटून तरुण मुलं ती सॅकला बांधून मिरवतात. ती हातात हवी, आणि उतारावर तिची लांबी थोडी वाढवायची.

पाय थरथरायला लागले की तो इशारा समजा. बसा, पाच मिनिटं घ्या, सॅकमधलं वजन दुसऱ्याला द्या. थरथरणाऱ्या पायानं घसाऱ्यावर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर पुढे जायचं नाही. गटाबरोबर असाल तर मोठ्यानं सांगा. गटाचा नेता तुम्हाला दम लागलाय का एवढंच पाहत असतो, आणि दम तर लागलेलाच नसतो.

पाचवी पायरी: पहिले तीन दिवस

हलकं चालत राहा. सपाटीवर वीस-तीस मिनिटं चाललं की दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं. ताकद त्यानं लवकर येत नाही, पण अंग मोकळं होतं. कोमट पाण्याची अंघोळ, तेलाचा हलका हात चालेल. पहिल्याच दिवशी कुणाकडून मांड्या रगडून घेऊ नका. ताणाचे व्यायाम आधी केले काय किंवा नंतर, दुखण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. थंड पाण्यात बसल्यानं दुखणं थोडं कमी होतं, पण ताकद वाढवण्याच्या व्यायामानंतर नेहमी तसं केलं तर स्नायूची वाढच मंदावते. म्हणून ती सवय करू नका.

जेवण नीट घ्या. भात-भाकरी टाळायचे हे दिवस नव्हेत, कारण इजा झालेल्या स्नायूत साखरेचा साठा हळू भरतो. डाळ, उसळ, अंडी, दही रोजच्यापेक्षा थोडं जास्त. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या. झोप मात्र पूर्ण हवी, ती कापून दुरुस्ती होत नाही.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. ट्रेकच्या आधी किंवा चालू असताना इबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते, आणि दुखण्याची खूण झाकून तुम्हाला पुढे ढकलते.

सहावी पायरी: ताकद आली का, हे तपासा

दुखण्याला विचारू नका, खुर्चीला विचारा. ट्रेकच्या आधी, ताज्या पायांनी, एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजून लिहून ठेवा. नाहीच उठता आलं तर दोन्ही पायांवर, हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा, ते लिहा. ट्रेकनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी तेच करा. आकडा परत येईपर्यंत उड्या, फुटबॉल, उतारावर धावणं आणि जड स्क्वॉट बंद. दुसरी खूण कानाची. जिना उतरताना पाऊल धप्पकन पडतंय का? पडत असेल तर स्नायू अजून शरीर धरून ठेवत नाहीये.

आकडा जवळपास आला की आधी सपाटीवर धावा, मग सावकाश जिने उतरा, मग खेळा. त्या मुलाचा पाचव्या दिवसाचा आकडा कुणी मोजलाच नव्हता. मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाकडून तो आधीच लिहून घेते.

डॉक्टरकडे कधी जायचं

लघवीचा रंग चहासारखा किंवा कोलासारखा गडद झाला, मांड्या टणक होऊन सुजल्या, किंवा दुखणं आणि अशक्तपणा दिवसागणिक वाढत चालला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, ती मूत्रपिंड बंद पाडू शकतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण तापलेल्या उन्हात, कमी पाण्यावर आणि सवय नसताना केलेल्या अतिरेकात होतो. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर मोठ्या ट्रेकच्या आधीच डॉक्टरांशी बोला. आणि एकाच पायात, एकाच ठिकाणी, उतरतानाच 'टच्' होऊन सुरू झालेलं दुखणं डॉम्स नसतं, तो स्नायू फाटलेला असू शकतो.

रक्ततपासणी ठरलेली असेल तर ट्रेकनंतर आठवडाभर पुढे ढकला. इजा झालेल्या स्नायूतून सीपीके आणि एसजीओटी ही एन्झाइम्स रक्तात येतात, आणि रिपोर्ट पाहून यकृताचा आजार असल्याचा संशय उगाच मागे लागतो. ढकलता येत नसेल तर डॉक्टरांना गड उतरल्याचं सांगा.

पुढचा गड

कवच मिळालंय ते वाया घालवू नका. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एखादा उतार घ्या, लहान असला तरी चालेल. आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन म्हणून ट्रेक बंद, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळे थेट राजगड-तोरण्याला. दोन महिन्यांत कवच बरंच विरलेलं, त्यात वाट निसरडी, आणि निसरड्या वाटेवर प्रत्येक पाऊल ब्रेक लावूनच टाकावं लागतं. म्हणून माझ्या गटात मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, सकाळी सहाला, पर्वतीवर चार-चार फेऱ्या उतरल्याशिवाय जूनच्या ट्रेकला कुणाचं नाव घेत नाही.